अडवलेला माल, चढते भाडे : छोट्या बंदरातील आयातदाराला कायद्याचा आधार कोणता?

मुरगाव बंदराची ओळख लोहखनिज आणि कोळशाशी जोडलेली आहे. कंटेनरची वाहतूक येथे तुलनेने अल्प. अशा बंदरात जहाजांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने सीमाशुल्क विभागाकडून होणारा दोन दिवसांचा विलंबही महाग पडतो. मोठ्या उद्योगाला तो सोसवतो. एका कंटेनरभर कच्च्या काजूबिया मागवणाऱ्या कारखानदाराचा मात्र सारा नफा त्यात जातो. म्हणूनच सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील काही तरतुदी ठाऊक असणे आवश्यक ठरते.

दोन वेगळे आकार

माल अडकला की दोन मीटर एकाच वेळी धावू लागतात. बंदराच्या वा गोदामाच्या आवारात मोफत मुदतीनंतर माल पडून राहिल्यास आकारले जाते ते डेमरेज. रिकामा कंटेनर मुदतीत परत न केल्यास जहाज कंपनी घेते ते डिटेन्शन. दोन्हींची देयके वेगळी, घेणारेही वेगळे. त्यामुळे दादही वेगवेगळीच मागावी लागते.

कंटेनर हीदेखील कायद्याच्या दृष्टीने आयात केलेली वस्तूच. १९९४ च्या १०४ क्रमांकाच्या अधिसूचनेनुसार टिकाऊ कंटेनरला शुल्कमाफी मिळते. मात्र तो सहा महिन्यांत देशाबाहेर गेला पाहिजे. सबळ कारण असल्यास ही मुदत वाढवून मिळते. वाद मालाचा असेल, तर माल गोदामात उतरवून कंटेनर मोकळा करण्याची परवानगी मागणे हिताचे. कलम ४९ मध्ये निर्णय होईपर्यंत माल गोदामात ठेवण्याची सोय आहे.

कागदपत्रे वेळेत

कलम ४६ नुसार बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवशीच दाखल करावे लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार पडतो. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर कलम ४८ खाली आयातदाराला नोटीस देऊन आणि अधिकाऱ्याच्या परवानगीने तो विकता येतो.

अधिकाऱ्यावरील बंधने

आयातदाराने स्वतः केलेली शुल्क आकारणी अधिकाऱ्याने बदलली आणि आयातदाराला ती मान्य नसेल, तर कलम १७(५) नुसार १५ दिवसांत कारणांसह लेखी आदेश देणे बंधनकारक आहे. हा आदेश मागून घ्यावा. तोंडी उत्तरावर अपील होत नाही. निर्णय लांबणार असेल, तर कलम १८ खाली हंगामी आकारणी करून, बंधपत्र देऊन माल सोडवता येतो. माल जप्त झाल्यास सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. लेखी कारणे नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. जप्त माल कलम ११०अ खाली तात्पुरता मिळू शकतो. आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत जाता येते. त्यासाठी वादग्रस्त शुल्काच्या ७.५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

२०२० पासून ‘फेसलेस’ पद्धतीत आकारणी दुसऱ्या शहरातील अधिकारी करू शकतो. एकाच मालाला एका बंदरात एक दर आणि दुसऱ्या बंदरात दुसरा, ही तफावत घटावी हा तिचा एक हेतू आहे. प्रत्यक्ष तपासणी मात्र बंदरावरच होते.

खरा पेच

सीमाशुल्क विभागाने अडवलेल्या वा जप्त केलेल्या मालावर आवाराच्या चालकाने भाडे वा डेमरेज घेऊ नये, असे २००९ चे नियम सांगतात. पण ही तरतूद ‘अन्य कायद्यांच्या अधीन’ आहे. अडवणूक चुकीची ठरली तरी माल सांभाळणाऱ्याचा डेमरेजवरील हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले होते. त्यामुळे विभागाकडून माल अडवल्याचा कालावधी नमूद केलेले डिटेन्शन सर्टिफिकेट वेळीच घ्यावे. सवलतीच्या अर्जाचा तोच मुख्य पुरावा; पण सवलत त्यामुळे आपोआप मिळत नाही.

चूक विभागाची आणि भुर्दंड आयातदाराला, हा अन्याय पुरता मिटलेला नाही. तोवर प्रत्येक आदेश लेखी घेणे आणि प्रत्येक तारखेची नोंद ठेवणे, एवढेच छोट्या व्यापाऱ्याच्या हाती उरते.