कॉर्क शहरात भेटलेले दोन मुसलमान

परदेशी जाऊन नशीब काढणे आपल्या समाजाला नवे नाही. कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत घरे उभी राहिली ती आधी बोटीवरच्या आणि पुढे आखातातल्या नोकरीवर. पण माणूस दर्यापार जातो तेव्हा त्याचे खानदान, त्याची तालीम त्याच्याबरोबर जाते की बंदरावरच राहते? दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन हिंदी मुसलमानांच्या हकिकती या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत.

१७९९ च्या डिसेंबरात मिर्झा अबू तालिब खान आयर्लंडमधील कॉर्क या बंदरात उतरले. लखनौचा जन्म, फारसीचे विद्वान, अवधच्या दरबारात अंमलदारी केलेले गृहस्थ. दरबारी राजकारणात नोकरी गेली, कलकत्त्यात इंग्रजांकडून आश्वासनांपलीकडे फारसे काही मिळाले नाही. कॅप्टन रिचर्डसन या स्कॉटिश मित्राने विलायतेला चलण्याचा आग्रह केला आणि निराश मनाने ते निघाले.

कॉर्कमध्ये कॅप्टन बेकर यांच्याकडे त्यांना एक हिंदी मुसलमान भेटला. त्याचे नाव दीन महंमद. अबू तालिब यांनी आपल्या सफरनाम्यात त्याच्यावर जेमतेम एक परिच्छेद खर्च केला आहे. हा मूळचा मुर्शिदाबादचा. बेकर घराण्याने लहानपणापासून सांभाळला. शाळेत इंग्रजी शिकताना एका चांगल्या घरच्या मुलीला घेऊन पळाला, लग्न करून परत आला. त्याला सुंदर मुले आहेत, स्वतंत्र घर आहे, पैसा आहे आणि त्याने एक पुस्तकही लिहिले आहे. एवढेच. लखनौच्या मिर्झासाहेबांना हा माणूस मजेशीर वाटला असावा. बरोबरीचा वाटला असेल, असे त्या ओळींवरून दिसत नाही.

वास्तविक दीन महंमद यांचा जन्म पाटण्याचा, १७५९ चा. वडील कंपनीच्या फौजेत सुभेदार होते, ते लवकर वारले. अकरा वर्षांचा हा पोरगा आईची मर्जी मोडून गॉडफ्रे बेकर या अधिकाऱ्याच्या छावणीमागे गेला आणि चढत चढत सुभेदार झाला. १७८२ मध्ये बेकरने नोकरी सोडली तेव्हा यांनीही सोडली आणि १७८४ मध्ये त्याच्याबरोबर कॉर्क गाठले. दोन वर्षांनी जेन डेली या मुलीशी विवाह केला. त्यासाठी त्यांना ख्रिस्ती पंथ स्वीकारावा लागला. १७९४ मध्ये त्यांनी आपला प्रवास पत्रांच्या रूपाने, दोन भागांत छापला. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहिलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. आपले घराणे मुर्शिदाबादच्या नवाबांच्या रक्ताचे आहे, असेही त्यांनी त्यात सांगून टाकले आहे. परक्या मुलखात खानदान तपासायला कोण येणार!

मिर्झासाहेबांना मात्र खानदान सांगावे लागले नाही, ते लोकांनीच बहाल केले. लंडनमध्ये वर्तमानपत्रांनी त्यांना 'इराणचा शाहजादा' करून टाकले. राजा तिसऱ्या जॉर्जची भेट झाली, मेजवान्या झडल्या, चित्रकारांनी तसबिरी काढल्या. एवढ्या कौतुकातही त्यांचे डोळे उघडे होते, ही त्यांची मोठी गोष्ट. इंग्लंडात कायद्यापुढे सगळे सारखे असे सांगितले जाते. त्यांनी नोंदवले की ही बरोबरी बरीचशी दिसण्यापुरती आहे, आणि श्रीमंत व गरीब यांच्या सुखसोयींतले अंतर हिंदुस्थानापेक्षा तिथे जास्त आहे. इंग्रजांचा गर्व आणि पैशाची हाव यांचाही त्यांनी दोषांच्या यादीत समावेश केला. दावतीत बसून यजमानाच्या घराचे वासे मोजायला धाडस लागते.

पण त्यांच्या पदरात काय पडले? लंडनमध्ये फारसी व हिंदुस्थानी शिकवण्याची शाळा काढावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला होता. तिथे असेपर्यंत ती शाळा उभी राहिली नाही. १८०२ मध्ये ते पॅरिस, इस्तंबूल, बगदादमार्गे निघाले, कर्बला व नजफची जियारत करून मुंबईला आले. तिथे गव्हर्नर डंकन यांनी त्यांचे आदरातिथ्य केले. १८०३ मध्ये ते कलकत्त्याला पोचले आणि दोन-तीन वर्षांतच वारले. त्यांच्या सफरनाम्याचा चार्ल्स स्ट्युअर्टने केलेला इंग्रजी अनुवाद लंडनला प्रसिद्ध झाला तो १८१० मध्ये.

त्याच १८१० मध्ये, त्याच लंडनमध्ये, जॉर्ज स्ट्रीटवर दीन महंमद यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडले. हिंदुस्थानातून पैसा कमावून परतलेल्या साहेबांसाठी तिथे मसाल्याचे जेवण आणि हुक्का. बेत चांगला होता, पण अशा साहेबांपैकी कित्येकांच्या घरीच हिंदी स्वयंपाकी होते. १८१२ मध्ये दिवाळे निघाले. पुढच्या वर्षी या पुस्तककर्त्या माजी सुभेदाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: एखाद्या सभ्य कुटुंबात खानसामा म्हणून किंवा एकट्या साहेबाचा खास नोकर म्हणून जागा हवी आहे. त्या वेळी वय चोपन्न. एकोणतीस वर्षे त्या देशात काढल्यावर पुन्हा बेकरच्या दारातलीच जागा.

मग ब्रायटन. समुद्रस्नानासाठी बडे लोक तिथे येत. दीन महंमद यांनी औषधी वनस्पतींच्या वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. फ्लॅनेलच्या तंबूत रोग्याला बसवायचे आणि तंबूच्या बाह्यांतून हात घालून अंग रगडायचे. आपल्या 'चाँपना'वरून आलेला 'शॅम्पू' हा शब्द त्यांच्या धंद्याने इंग्लंडात घरोघर नेला. बरे झालेले लोक कुबड्या तिथेच ठेवून जात, त्या भिंतीवर टांगल्या जात. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचे ते 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. वैद्यकी शिकल्याचा दावा खपावा म्हणून त्यांनी आपले वय दहा वर्षांनी वाढवले.

एवढा लौकिक झाला, पण हमामखान्याच्या इमारतीत पैसा भागीदाराचा होता. १८४१ मध्ये तो वारला, इमारत लिलावात निघाली आणि ती विकत घेण्याइतकी रक्कम दीन महंमद यांच्याकडे नव्हती. ऐंशी उलटलेल्या त्या माणसाने लहान जागेत पुन्हा धंदा मांडला. १८५१ मध्ये ते वारले. नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात डॉक्टर झाला आणि रक्तदाबाच्या विकारावरील त्याचे संशोधन आजही वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सांगितले जाते.