प्रिंटरचा डीपीआय आणि छपाईची स्पष्टता

इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर ‘४८०० × १२०० डीपीआय’ असा आकडा छापलेला असतो. डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात प्रिंटर शाईचे किती ठिपके टाकू शकतो, ती संख्या. आकडा मोठा तितका फोटो स्पष्ट, हा समज मात्र अर्धाच खरा आहे.

ठिपका आणि पिक्सेल

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाखो छटांपैकी कोणतीही छटा असू शकते. साध्या प्रिंटरकडे मात्र सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांची शाई असते. फिकट गुलाबी छटेसाठी तो मॅजेंटाचे ठिपके विरळ टाकतो आणि मधला कागद पांढराच सोडतो. म्हणजे एका पिक्सेलसाठी अनेक ठिपके लागतात. म्हणून प्रिंटर १२०० डीपीआयचा असला, तरी फोटोत इंचाला १२०० पिक्सेल असण्याची गरज नसते.

फोटोला किती पिक्सेल हवेत?

हातात धरून पाहायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. फूटभर अंतरावरून डोळ्याला त्याहून बारीक तपशील सहसा वेगळा दिसत नाही.

- ४ × ६ इंच : १२०० × १८०० पिक्सेल
- ए४ : २४८० × ३५०८ पिक्सेल

८०० × १२०० पिक्सेलचा फोटो ए४ आकारात छापला, तर इंचाला जेमतेम १०० पिक्सेल उरतात. प्रिंटर कितीही महागडा असला तरी फोटोत नसलेला तपशील तो आणू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बहुधा लहान होतो. छापायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

मजकुराचे गणित वेगळे

अक्षरात छटा नसतात, फक्त काळ्या-पांढऱ्याची कड असते. ३०० डीपीआयला तिरप्या आणि गोल रेषांच्या कडा किंचित दातेरी दिसू शकतात. ६०० डीपीआयला त्या गुळगुळीत होतात. टाइप केलेला मजकूर प्रिंटर स्वतःच्या क्षमतेनुसार रेखाटतो. स्कॅन केलेला कागद मात्र फोटोच असतो, म्हणून बारीक अक्षरे ६०० डीपीआयला स्कॅन करावीत.

कागद विसरू नका

साध्या कागदाच्या तंतूंत शाई पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि लहान जोडाक्षरे भरून येतात. तिथे सर्वोच्च दर्जा निवडल्याने शाई आणि वेळच जास्त जातो. फोटोसाठी फोटो पेपर घ्यावा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा तोच प्रकार निवडावा.