स्वदेशी ट्रॅक्टर आणि तेलाचा दाब

१९७४ साली पंजाबातील मोहाली येथून ‘स्वराज ७२४’ हा ट्रॅक्टर बाजारात आला. त्याचा आराखडा परदेशातून आणलेला नव्हता. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत चंद्र मोहन आणि सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला होता. नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचे तत्त्व मात्र सतराव्या शतकातील पास्कलचे: बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणूनच लहानशा पंपातून येणारे तेल मोठ्या दट्ट्याला रेटून जड अवजार उचलते.

जुन्या यंत्रांच्या देखभालीत हाच दाब घातक ठरतो. तो वातावरणीय दाबाच्या शंभर पटींहून अधिक असू शकतो. जीर्ण नळीच्या सूक्ष्म छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. इंजिन बंद केल्यावरही उचललेल्या अवजाराचे वजन तेलाला दाबाखाली ठेवते. अवजार जमिनीवर टेकवून, दाब सोडूनच नळी उघडावी.

आज ही यंत्रे गावोगावच्या मिस्त्रींच्या हाती आहेत. प्रयोगशाळेतून यंत्र शेतापर्यंत पोहोचले, तसे त्यामागचे भौतिकशास्त्रही त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.