काळीकाठची दांडेली : लाकूड, बांबू आणि कचेरी

बेळगाव-धारवाडकडील जुन्या वाड्यांच्या बांधकामात दांडेलीच्या सागवानाला मोठा मान होता. सागाची कीर्ती सर्वदूर गेली; गावाचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. हा इतिहास पाहू लागले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या गावाभोवतीच्या संपत्तीचे निर्णय दीर्घकाळ गावाबाहेरच होत राहिले.

१७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर कानडा प्रांत इंग्रजांकडे आला. उत्तर कानडा प्रथम मद्रास इलाख्यात होता, १८६२ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. जहाजबांधणीस साग हवा होता. पुढे लोहमार्गांच्या स्लीपरांसाठीही लाकडाची मागणी वाढली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये गिब्सन आणि मद्रासेत १८५६ मध्ये क्लेगहॉर्न यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. डोंगरउतारावरील रान जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीवर निर्बंध आले. १८७८ च्या वनकायद्यानंतर 'राखीव' हा शब्द रानात शिरला, आणि पिढ्यान्‌पिढ्या सरपण व पाला आणणाऱ्यांचा हक्क 'सवलत' ठरला. शब्द बदलला की सत्ता बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

दांडेली नदीकाठी असली तरी तिचे लाकूड नदीने समुद्राला नेणे सोपे नव्हते. काळी नदी येथून पुढे घाट उतरते, दऱ्यांतून कोसळते. नावांना उपयोगी असे तिचे पात्र खाली कद्र्यापासून सुरू होते. म्हणून ओंडके हत्तींनी ओढून बाहेर काढायचे, बैलगाडीने वखारीत आणायचे, मापून, हातोडीचा शिक्का मारून त्यांची रास लावायची आणि लिलाव पुकारायचा, अशी रीत पडली. १९१९ मध्ये अळणावर ते दांडेली हा लोहमार्ग झाला, तोही मुख्यतः लाकडासाठी. पुढे येथे प्लायवुडचा कारखानाही निघाला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच सुमारास कागद गिरणी उभी राहिली. १९५५ मध्ये कंपनीची स्थापना आणि १९५९ मध्ये उत्पादनास आरंभ. गिरणीला सरकारने बांबू दिला तो टनाला दीड रुपया दराने! टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडत होता. बुरुडांच्या तक्रारी वाढल्यावर १९७० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी या बांबूवनांचा अभ्यास केला. बांबूचा साठा आरंभी अवाजवी धरला गेला होता, हे त्यात दिसून आले. दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केल्याने वाढ चांगली होते, असा अधिकाऱ्यांचा समज होता. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब जनावरे खातात. अभ्यासाने गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरवले. कागदावरचे शास्त्र हरले आणि रानातला अनुभव जिंकला. पण तोवर बेटे विरळ झाली होती.

दांडेली अभयारण्य १९५६ मध्येच घोषित झाले होते. पुढे वृक्षतोडीवर बंधने येत गेली, २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी हे नाव मिळाले. वरच्या अंगाला सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. वखारी आणि गिरणीच्या आधाराने वाढलेली दांडेली नगरसभेचे शहर झाली, तरी महसुली कामांसाठी तिला हल्याळकडेच पाहावे लागे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५२ हजार लोकवस्ती असलेल्या या शहराला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला तो २०१८ मध्ये. १९९० च्या दशकात बंद पडलेली प्रवासी गाडी ३ नोव्हेंबर २०१९ रोजी पुन्हा सुटली, तीही दांडेलीलगतच्या आंबेवाडी स्थानकातून. मूळ लाकडासाठी टाकलेल्या या मार्गावर त्या दिवशी माणसांसाठी गाडी निघाली.