महाडचा पूर आणि आपलं पाणी

दोस्तहो, महाड म्हटलं की आपल्याला एकच पाणी आठवतं. चवदार तळ्याचं. पण त्याच गावात दुसरंही एक पाणी आहे. पावसाळ्यात नदी सोडून बाजारपेठेत घुसणारं. या दोन पाण्यांचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूरवरून महाडला येते. तिथं उतार संपतो. रायगडाच्या अंगानं येणारी गांधारी तिला महाडपाशीच मिळते. खाली बाणकोटची खाडी. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि खाडीत भरती अशी गाठ पडली की नदीला निघायला वाट राहत नाही, मग ती गावात शिरते. यात कुठल्या देवाचा कोप नाही की कुणाचं पाप नाही. भटजीला विचारायची गरज नाही, भरतीचं कोष्टक बघा.

मग पेठ नदीकाठी बसलीच का? धंद्यासाठी. खाडीतून गलबतं यायची, घाटावरचा माल उतरायचा. व्यापाऱ्याला नदी दाराशी हवी होती. हीच पाण्याची वाट डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या कामी आली. ते बोटीनं दासगाव बंदराला उतरले आणि तिथून महाडला आले.

त्याआधीचा क्रम पाठ करून ठेवा. १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला आपली माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. गावगुंडांनी डोकी फोडली. नंतर १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला, की स्पृश्यांची ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध होत नाही.

आता सांगा, ढगातून पडलेलं पाणी कुणाच्या वाड्यावरून वाहत तळ्यात आलं, हे त्यांनी कधी विचारलं होतं का? पूर आला की आळीआळीचं पाणी एक होतं. त्या पाण्याला शुद्ध करायला घागरी घेऊन कोण जातो? पुराला बाट नाही, आपल्या ओंजळीला बाट! म्हंजे भांडण पाण्याचं नव्हतंच, हक्काचं होतं.

पूर ओसरल्यावरही जात ओसरत नाही. मेलेली ढोरं ओढणं हे गावगाड्यानं महारांच्या माथी मारलेलं काम. ते जू झुगारायला आणि मेलेल्याचं मांस सोडायला बाबासाहेबांनी सांगितलं, ते याच १९२७ च्या मार्चात, याच महाडात. वतन कायद्यानं संपलं १९५८ साली. पण चिखल? २०२१ च्या पुरानंतर गाळ उपसायला मुंबईकडच्या महापालिकांचे सफाई कामगार आले. त्या हातांची जात कोणती, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

अलीकडचा हिशोब बघा. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला, एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं आणि तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त मेले. नदीतला गाळ, खाडीतली बेटं, कोकण रेल्वेचा भराव यावर बोलणं झालं. ते झालंच पाहिजे.

पण एक प्रश्न राहतोच. पंचनाम्यात कोण येतं? ज्याचं दुकान आहे, वहीखातं आहे, सातबारा आहे, त्याचं नुकसान कागदावर चढतं. भाड्याच्या खोलीत राहणारा, हमाली करणारा, शेतमजूर बाई, यांची बुडालेली रोजी कुठल्या रकान्यात लिहायची?

म्हणून हे काम आपल्या तरुणांचं आहे. आपापल्या गावच्या पुराची वही ठेवा. पाणी कुठल्या वस्तीत आधी शिरलं, किती दिवस राहिलं, मदत कुठपर्यंत पोचली, गाळ कुणी काढला, तारखेसह लिहा. म्हाताऱ्या आयाबायांना विचारून जुने पूरही लिहा. १९३७ ला त्यांची वहिवाट कोर्टात टिकली नाही, कारण पुरावा मागितला गेला. उद्या पुरावा आपल्याला मागतील. तेव्हा वही तयार पाहिजे.

जय भीम.