ढालीवरचा काळा ग्रिफिन

ग्युंटर ग्रासच्या ‘द टिन ड्रम’ (१९५९) या कादंबरीच्या आरंभी बटाट्याच्या शेतात एकावर एक चार घागरे नेसून बसलेली आजी वाचकांना आठवत असेल. ती काशुब आहे. ग्रासची आईही काशुब घराण्यातली होती. तथापि कादंबरी मिटल्यावर हे काशुब कोण, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे एक उत्तर त्यांच्या कुलचिन्हात सापडते, असे आम्हांस वाटते.

उत्तर पोलंडमध्ये ग्दान्स्क शहराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला काशुबिया पसरलेला आहे. हिमयुगातील हिमनद्या मागे हटताना टेकड्या, शेकडो सरोवरे आणि शेतोशेती विखुरलेले प्रचंड धोंडे ठेवून गेल्या. लोककथा मात्र हे धोंडे प्राचीन राक्षसांनी फेकले असे सांगते. व्येझित्सा हे येथील सर्वोच्च शिखर अवघे ३२९ मीटर उंचीचे. रेताड जमिनीत राय आणि बटाटा पिकवावा, सरोवरांत व बाल्टिक समुद्रात मासेमारी करावी, असे येथले पारंपरिक जीवन. या प्रदेशाची राजधानी कोणती, यावर काशुबांमध्ये आजही एकमत नाही. राजवाडा नाही, राजा नाही. आणि तरीही ढालीवर सुवर्णभूमीवर उभा, मुकुटधारी काळा ग्रिफिन आहे. शिर व पंख गरुडाचे, धड सिंहाचे असा हा काल्पनिक प्राणी.

हे चिन्ह मुळात या शेतकऱ्या-कोळ्यांचे नव्हतेच. ग्रिफिन हे पोमेरेनियाच्या ड्यूक घराण्याचे चिन्ह. ते घराणेही त्याच नावाने ओळखले जाते. १२३८ सालच्या पोपच्या एका आज्ञापत्रात या घराण्यातील राजाचा ‘काशुबियाचा ड्यूक’ असा उल्लेख येतो. गंमत अशी, की त्या काळचा ‘काशुबिया’ आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला, श्चेचिनच्या बाजूला होता. पश्चिमेकडील स्लाव्ह प्रजा कालांतराने जर्मनभाषक होत गेली आणि ते नाव पूर्वेकडे, जिथे बोली टिकली तिथे, उरले. १६३७ साली बोगिस्वाफ चौदावा निपुत्रिक मरण पावला आणि ग्रिफिन घराणे संपले. पदवी मात्र संपली नाही. ती पुढे प्रशियाच्या राजांच्या लांबलचक बिरुदावलीत १९१८ पर्यंत मिरवत राहिली. ज्या राज्याच्या शाळांतून काशुब मुलांवर जर्मन लादली जात होती, त्याचाच राजा स्वतःला ‘काशुबांचा ड्यूक’ म्हणवत होता!

असे हे निर्वंश झालेले चिन्ह उचलले ते लेखकांनी. फ्लोरियान त्सेनोव्हा (१८१७–१८८१) याने काशुबी ही स्वतंत्र भाषा आहे असे मानून तिचे व्याकरण लिहिले. हिएरोनिम देर्दोव्स्की (१८५२–१९०२) याने काशुबीत काव्य रचले, पण काशुबिया आणि पोलंड अविभाज्य आहेत असे आग्रहाने सांगितले. या दोन टोकांमध्ये मार्ग शोधणारा अलेक्सांदर मायकोव्स्की हा पेशाने डॉक्टर. १९०८ साली त्याने नियतकालिक काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘ग्रिफ’, म्हणजे ग्रिफिन. राज्यकर्त्यांचे चिन्ह येथे शासितांच्या हाती आले. कुलचिन्हाचा वारसा रक्ताने मिळतो हा युरोपीय सरंजामशाहीचा नियम. काशुबांनी तो भाषेने मिळवला.

मायकोव्स्कीची ‘रेमुसचे जीवन आणि साहसे’ ही कादंबरी १९३८ साली, त्याच्या निधनाच्या वर्षी, ग्रंथरूपाने पूर्ण प्रसिद्ध झाली. तिचा नायक पुस्तकांनी भरलेली हातगाडी ढकलत गावोगाव हिंडतो. त्याच्या वाटेत तीन भुते आडवी येतात : कष्ट, भय आणि ‘काय उपयोग?’. आमच्या मते तिसरे भूत सर्वांत भयंकर आहे, कारण पहिली दोन बाहेरून येतात आणि तिसरे मनातून बोलते.

पुढील इतिहास वरवर पाहता विजयाचा दिसतो. १९५६ साली काशुबांची संघटना स्थापन झाली. १९९९ साली निर्माण झालेल्या पोमेरेनिया प्रांताने काळा ग्रिफिन आपल्या ढालीवर घेतला. २००५ च्या कायद्याने काशुबीला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली आणि द्विभाषिक ग्रामफलक लागले. तथापि २०११ च्या जनगणनेत घरी काशुबी बोलणारे सुमारे १,०८,००० होते, ते २०२१ मध्ये सुमारे ८७,६०० वर आले. ग्रिफिन ध्वजांवर वाढतो आहे आणि घरांतून भाषा ओसरते आहे.

चिन्ह मिरवायला व्याकरण लागत नाही, हीच त्याची शक्ती आणि हाच त्याचा धोका. १६३७ साली ग्रिफिन एकदा पोरका झाला, तेव्हा त्याला आपलेसे करणारी एक भाषा तरी शिल्लक होती. तीही गेली तर ढालीवर उरेल तो केवळ एक सुंदर प्राणी. रेमुसची हातगाडी म्हणूनच आम्हांस त्या मुकुटाहून अधिक मोलाची वाटते.