हू, विच आणि मूळचा मालक दॅट

लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात ३० मे १७११ रोजी रिचर्ड स्टील यांनी एक गमतीचा अर्ज छापला. अर्जदार होते ‘हू’ आणि ‘विच’ हे दोन शब्द. तक्रार अशी, की आम्ही खानदानी, पण कालपरवा आलेल्या ‘दॅट’ने आमची जागा बळकावली. विनोद फक्कड होता, वंशावळ मात्र पुरती उलटी. जुन्या इंग्रजीत संबंधी वाक्य जोडायला ‘थे’ नावाचा, विभक्ती न घेणारा शब्द होता. जोडीला दर्शक सर्वनामेही हे काम करत. ‘दॅट’ त्यांच्यातलाच. तेराव्या शतकाच्या आसपास ‘थे’ मागे पडला आणि सगळा कारभार ‘दॅट’कडे आला. हू-विचचे पूर्वज तेव्हा प्रामुख्याने प्रश्न विचारत होते. मराठीने ‘कोण’ प्रश्नाला ठेवला आणि ‘जो’ संबंधाला. इंग्रजीने मात्र प्रश्नार्थकालाच दुसऱ्या नोकरीवर घेतले.

का घेतले? लॅटिन आणि फ्रेंचची नक्कल म्हणून, असे उत्तर सहसा मिळते. त्या भाषांत प्रश्नार्थक आणि संबंधी सर्वनामांची रूपे मिळतीजुळती आहेत, आणि भाषांतरकारांवर त्याचा परिणाम झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ नक्कलच असती, तर प्रथमेचे ‘हू’ आधी यायला हवे होते. घडले उलट. ‘हूज’ आणि ‘हूम’ कितीतरी आधी रुळले, ‘हू’ मात्र पंधराव्या शतकात कुठे डोके वर काढते. याचे कारण ‘दॅट’च्या एका उणिवेत आहे. ‘द मॅन दॅट आय स्पोक टू’ चालते. पण ‘टू’ उचलून पुढे आणला, की ‘टू दॅट’ म्हणता येत नाही, ‘टू हूम’च लागते. षष्ठीचे रूपही ‘दॅट’पाशी नव्हते. खिंडार घरातच होते, परकीय वळणाने फार तर ते रुंद केले. शिवाय ‘जो कोणी’ या अर्थाच्या जुन्या देशी रचनेत ‘हू’चा पूर्वज आधीपासून होताच.

माणसाला ‘हू’, वस्तूला ‘विच’ हा शाळेतला दंडक तर याहून अलीकडचा. १६११ च्या बायबलमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत खुद्द स्वर्गातल्या पित्याला ‘विच’ लावलेले आहे. अमेरिकी प्रार्थनापुस्तकाने १७८९ मध्ये तिथे ‘हू’ घातले. मग नियमच नको का? तसे नाही. स्वल्पविरामानंतरची जादा माहिती ‘विच’ने सांगायची आणि नेमका कोणता ते ‘दॅट’ने ठरवायचे, ही इंग्रजी कोशकार फाउलर यांची १९२६ ची शिफारस वाचकाच्या सोयीची आहे. पण चांगले लेखकही ती सरसकट पाळत नाहीत, हे फाउलर यांनीच कबूल केले होते. पुढे शिफारशीचा कायदा केला तो संपादकांनी, आणि ‘दॅट’च्या जागी ‘विच’ दिसला की लाल शाईने खोडायची सवय त्यांचीच.